नवोदित नट आणि निवडीचे दार

(जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या नाट्यप्रशिक्षण शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



गेले दहा दिवस आपण येथे आवाज, उच्चार, हालचाल, रंगभूषा अशा अनेक विषयांचा अभ्यास केलात. त्यात भर घालण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, कारण मी नट नाही. चित्रपट आणि मालिकांसाठी पात्रनिवड करणाऱ्या एका कचेरीत मी पुष्कळ वर्षे मदतनीस होतो. उमेदवार कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रवेश करून दाखवी आणि समोरच्या पात्राची वाक्ये कॅमेऱ्याच्या बाजूला बसून मी वाची. त्याची आई मी, त्याचा सावकार मी, त्याची प्रेयसी मी आणि त्याला पकडायला आलेला फौजदारही मीच. अशा रीतीने असंख्य मुलामुलींची पहिली चाचणी मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून पाहिली आहे. संचालकांनी आजचा विषय दिला तो आपणच चिठ्ठीवर लिहून पाठविलेल्या प्रश्नावरून. प्रश्न असा होता : "मुंबईत आमची ओळख नाही, आमचा कोणी एजंट नाही, मग ऑडिशन मिळणार कशी?"

हा प्रश्न आपल्या चित्रपटसृष्टीइतकाच जुना आहे, फक्त त्या काळी तो दिग्दर्शकाला पडला होता. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव करीत होते, तेव्हा नट मिळावेत म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माणसे आली, परंतु हवी तशी मिळेनात. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दाबके हे रंगभूमीवरील नट मिळाले. तारामतीसाठी मात्र कोणी स्त्री तयार होईना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके दादासाहेबांच्या दृष्टीस पडले आणि १९१३ साली पडद्यावर आलेली पहिली तारामती ती हीच. साळुंके यांनी अर्ज केला नव्हता, चाचणीसाठी रांग लावली नव्हती. (म्हणून उपाहारगृहात जाऊन बसा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.)

यानंतरची उदाहरणे पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्ये करीत होते. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणले. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असताना श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरल्या. अलीकडच्या काळात केमचा सोमनाथ अवघडे आणि अकलूजची रिंकू राजगुरू यांना नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि 'सैराट'साठी निवडले, तेही मध्यस्थाशिवाय. या सर्वांना कोणी ना कोणी पाहिले, आणि पाहिले ते काही तरी करीत असताना. नशिबाचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु नशीब घरात शोधायला येत नाही. ते प्रयोगाला येते, आणि बहुधा मागच्या रांगेत बसते.

मागच्या रांगेचा उल्लेख मी मुद्दाम केला. पाश्चात्त्य देशांत नटाचा प्रतिनिधी ही एक रूढ संस्था आहे. मराठी रंगभूमीवर ती कधी रुजली नाही, कारण तिचे काम आपल्याकडे स्पर्धांनी केले. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा घ्या. हौशी नाटकांच्या या स्पर्धेने केव्हाच साठी ओलांडली आहे. तिच्या प्राथमिक फेऱ्या राज्यातील अनेक केंद्रांवर होतात, म्हणजे आपल्या गावापासून एका एसटीच्या अंतरावर. हौशीबरोबरच संगीत, संस्कृत, हिंदी आणि बालनाट्य अशा स्वतंत्र स्पर्धा आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेत आली आहे. त्या रंगमंचावरून पुढे आलेल्या नटांची आणि दिग्दर्शकांची नावे मी सांगत बसलो तर चहाची वेळ टळेल. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' आहे. प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या रात्री ती सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. आमच्या कचेरीचा एक माणूस अशा स्पर्धांना जाऊन बसे. कित्येकदा तो मीच असे. पारितोषिक कोणाला मिळाले याची नोंद आम्ही करीत नव्हतो. 'तिसऱ्या प्रवेशातला तलाठी' एवढेच वहीत लिहिलेले असे, आणि सहा महिन्यांनी त्या तलाठ्याला फोन जाई.

विदर्भातील मित्रांना तर मला वेगळेच सांगावयाचे आहे. मुंबईची वाट विचारणारा चंद्रपूरचा किंवा भंडाऱ्याचा तरुण वडशाची वाट विसरतो, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेर. तेथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत. गावोगावची मंडळी तेथे येऊन नाटक ठरवितात. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की जे प्रयोग लागतात, ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. शेतात उभारलेला रंगमंच, रात्रभर चालणारे नाटक, थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक. एका हंगामात तेथील नट जेवढे प्रयोग करतो, तेवढे शहरातील हौशी नटाच्या वाट्याला कित्येक वर्षांत येत नाहीत. तेथे चाचणी देण्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नाही. हंगामाच्या आधी जाऊन मंडळाच्या चालकाला भेटावे आणि गाता येत असेल तर तसे सांगावे. शहरी मंडळी या रंगभूमीला नाक मुरडतात. त्यांनी एकदा पहाटे चार वाजता पाच हजार माणसांना जागे ठेवून दाखवावे!

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांत प्रवेशाचे आणखी एक दार आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. चालू नाटकातील एखादा नट मालिकेत अडकतो, आजारी पडतो किंवा त्याचे मानधनावरून बिनसते. अशा वेळी बदली नट हवा असतो, तोही चार दिवसांत. हे निर्मात्याच्या आधी कळते ते नाट्यव्यवस्थापकाला. तारखा, नाट्यगृह, बस, नेपथ्याचा टेम्पो हे सर्व त्याच्या हातात असते. दादरच्या शिवाजी मंदिराच्या आवारात अशी माणसे भेटतात. त्यांच्या मागे लागू नका. नाटक पाहा, प्रयोगानंतर दोन शब्द बोला, आपण कोठे काय काम केले ते सांगा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. पडद्यामागे काही काम करण्याची तयारी असेल तर ती दाखवा. पडद्यामागे उभे राहून सगळे नाटक पाठ झालेला मुलगा ऐनवेळी रंगमंचावर ढकलला गेला, ही कथा आपल्या रंगभूमीवर इतक्या वेळा घडली आहे की तिला आता कथा म्हणण्याचेही कारण उरलेले नाही.

आता चित्रपट आणि मालिका. येथे पात्रनिवडीचे काम आज स्वतंत्र व्यक्तींकडे असते. त्यांना कास्टिंग डायरेक्टर म्हणतात. त्यांची नावे कशी कळणार? ती पडद्यावर छापलेली असतात. चित्रपट संपला की श्रेयनामावली सुरू होते आणि आपण उठून चालू लागतो. बसून राहा. जे चित्रपट, ज्या मालिका आपल्याला आपल्या वाटतात, त्यांची पात्रनिवड कोणी केली ते वहीत टिपा. मग त्या नावाचे अधिकृत खाते शोधा. बहुतेक कचेऱ्या कोणत्या वयाचे, कोणत्या बोलीचे पात्र हवे आहे ते तेथे जाहीर करतात. फिरत फिरत आलेला संदेश आणि मूळ खात्यावरील जाहिरात यांत फरक दिसला, तर संदेश खोटा समजावा.

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मोबाइलवर चित्रित करून पाठविलेली चाचणी चालते. फोन आडवा धरा, मागे कोरी भिंत असू द्या, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घ्या, पंखा बंद ठेवा. प्रथम नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगा. मग डावी आणि उजवी बाजू दाखवा. वय चोरू नका, उंची वाढवू नका. भिंतीला लावलेल्या पट्टीपुढे ती उघडी पडतेच. भाषांमध्ये आपली बोली आवर्जून सांगा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी येत असून ती लपविणारी मुले मी पाहिली आहेत. २०१७ साली सुरू झालेली 'लागिरं झालं जी' ही मालिका साताऱ्याच्या मातीत चित्रित झाली आणि तेथल्याच बोलीवर उभी राहिली. अशा वेळी जिला ती बोली घरातून आलेली असते, तिच्यापुढे मुंबईत शिकलेली मुलगी फिकी पडते. छायाचित्रे दोन पुरेत, एक चेहऱ्याचे आणि एक पूर्ण उंचीचे, साध्या कपड्यांत. हजारो रुपये घेऊन काढलेल्या रंगीबेरंगी चित्रांचे जाड पुस्तक आम्ही उघडत नसू. त्यात दिसणारा मनुष्य आणि समोर उभा असलेला मनुष्य एकच आहे की काय, हे ठरविण्यातच वेळ जात असे.

अंधेरीच्या वर्सोवा भागात आरामनगर म्हणून बैठ्या घरांची वसाहत आहे; तेथे अशा कचेऱ्यांची दाटी आहे. दारातला मुलगा आपल्याकडे एक नजर टाकतो आणि 'फिट' किंवा 'अनफिट' एवढा एकच शब्द बोलतो. हा शब्द जिव्हारी लागतो. पण तो आपल्या अभिनयाविषयी नसतो, कारण तो अजून कोणी पाहिलेलाच नसतो. नायकाची बहीण हवी आहे, तिचा चेहरा नायकाशी जुळला पाहिजे. पोलीस हवा आहे, तो आधी घेतलेल्या हवालदारापेक्षा उंच हवा. एवढाच त्याचा हिशेब. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे कित्येक गुणी मुले तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर स्वतःला निकालात काढतात.

आत गेल्यावर काय पाहतात, हेही आपण विचारले होते. मला अनुभवाने कळलेली गोष्ट सांगतो. प्रत्येक उमेदवार स्वतःचे वाक्य बरे म्हणतो. वीस मिनिटे पाठ केलेले असते, ते येतेच. परंतु मी माझे वाक्य म्हणत असताना बहुतेकांचे डोळे विझत. ते मनातल्या मनात पुढच्या ओळीची उजळणी करीत असत. मी आई होऊन म्हणे, "बाळा, घर विकलं रे," आणि समोरचा मुलगा माझ्या ओठांकडे, मी कधी थांबतो, म्हणून पाही. क्वचित एखादी मुलगी येई आणि घर विकले हे तिला त्या क्षणीच कळल्यासारखे होई. माझा आवाज ओबडधोबड, मी वाचतो आहे एका चुरगळलेल्या कागदावरून; तरी ती माझ्यात आई पाही. अशा वेळी खोलीतील सगळी माणसे न सांगता गप्प होत. त्या मुलींपैकी सगळ्यांना काम मिळाले असे नाही. पण त्यांची नावे आमच्या वहीत राहिली, आणि पुढच्या वेळी त्यांना दारातल्या मुलाकडे जावे लागले नाही.

आता एक दुःखाची हकीकत. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने निघालेले एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दुपारी आमच्या कचेरीत आले. पिशवीतून घडी केलेला एक कागद त्यांनी जपून काढला. त्यावर आमच्याच कचेरीचे नाव होते. 'आपल्या मुलाची अमुक मालिकेसाठी निवड झाली असून वेशभूषा, कलाकार ओळखपत्र आणि विमा यांपोटी पंचेचाळीस हजार रुपये भरावेत,' असा मजकूर. पैसे भरले होते. दुभती म्हैस विकून भरले होते. मालिका खरी होती, तिची पात्रनिवडही आम्हीच केली होती. परंतु ती महिन्यापूर्वी संपली होती, आणि हा कागद आम्ही लिहिलेला नव्हता. मुलाने कोणाला तरी मोबाइलवर दोन छायाचित्रे पाठविली होती, तेवढ्यावर ही 'निवड'. त्याचा आवाजसुद्धा कोणी ऐकला नव्हता. आम्ही हे सारे समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, "साहेब, पैसं गेलं ते गेलं. पण पोराची निवड झालती, ते तरी खरं हाय ना?"

मला उत्तर देता आले नाही. मुलाला आत नेले, कागद दिला, अर्धा तास दिला आणि त्याची चाचणी घेतली. मुलगा बरा होता. त्या दिवशी त्याच्याजोगे काम आमच्याकडे नव्हते. संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून ते दोघे परतले. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून हे नीट ऐका. निवड करणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. त्याचे मानधन त्याला निर्माता देतो. नोंदणी, ओळखपत्र, वेशभूषा, अनामत, कार्यशाळा, कोणत्याही नावाने पैसे मागितले की तेथून उठावे. कलाकारांच्या 'सिंटा'सारख्या संघटनांचे सभासदत्व काम करू लागल्यावर उपयोगाचे आहे, विशेषतः मानधन थकले म्हणजे. परंतु ते नसेल तर चाचणीच देता येत नाही, ही दलालांनी पसरविलेली अफवा आहे. काम मिळवून दिल्यावर मानधनातून ठरलेले टक्के घेणारे समन्वयक असतात, त्यांच्याशी करार करण्यास हरकत नाही; मात्र ते पैसे काम झाल्यावर, मिळालेल्या रकमेतून जातात. ऑनलाइन पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. चाचणी दिवसा, कचेरीत, इतर माणसांच्या देखत होते. हॉटेलच्या खोलीत होत नाही. सोबत कोणाला घेऊन गेल्याने कोणाचीही संधी हुकत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरीत नसलेल्या स्त्रीलाही संरक्षण देतो, म्हणजे चाचणीसाठी गेलेल्या मुलीलाही. ज्या कचेरीत दहापेक्षा कमी माणसे आहेत, तेथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. बालकलाकारांसाठी २०१७ पासून नियम आहेत. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते; दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही; मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते. हे नियम आईवडिलांनाच माहीत नसतात, आणि कधी कधी, बोलू नये पण बोलतो, माहीत करून घ्यावेसे वाटत नाहीत.

मुंबईला जायचेच असेल तर एक हिशेब आधी मांडा. मालिकेत काम मिळाले तरी त्याचे पैसे बहुधा नव्वद दिवसांनी हाती येतात. म्हणजे आज निवड झाली, तरी तीन महिने खोलीचे भाडे, लोकलचा पास आणि दोन वेळचे जेवण यांची सोय स्वतःच करावी लागते. शिकवण्या घ्या, भाषांतरे करा, आवाज चांगला असेल तर ध्वनिमुद्रणाची कामे शोधा. पदवी अर्धवट टाकून जाऊ नका. श्रीराम लागूंसारखा नट १९६९ पर्यंत कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून काम करीत होता आणि नाटकही करीत होता. पोटाची काळजी नसलेला उमेदवार खोलीत शिरतो तेव्हा त्याचे खांदे निराळे दिसतात. हे मी चार हातांवरून पाहिले आहे.

त्या मराठवाड्यातील मुलाविषयी आपल्याला उत्सुकता असेल. गावी गेल्यावर तालुक्याच्या एका संस्थेतर्फे तो राज्य नाट्य स्पर्धेत उभा राहिला. पुढे त्याने स्वतः दोन एकांकिका बसविल्या. मालिकेत त्याला अजून काम मिळालेले नाही. प्रवेशिका भरण्याचे दिवस आले की त्याचा मला संदेश येतो, 'या वर्षी कोणते नाटक घ्यावे?' आणि आम्ही दोघे तासभर फोनवर भांडतो.

माझा वेळ संपला आहे. चहानंतर मागच्या वर्गात मी बसणार आहे. चार निरनिराळ्या प्रवेशांचे कागद आणले आहेत. ज्यांना हवा त्यांनी एक घ्यावा, वीस मिनिटे वाचावा आणि आत यावे. कॅमेरा नाही, माझा मोबाइल आहे. आईची वाक्ये मी वाचीन.